वाढप्याच्या तोंडाकडं कोण बघतंय

आमच्या गावात लग्नाच्या पंगतीचा एक कायदा होता आणि तो कुणी कधी लिहिलेला नसल्यामुळे मोडायची सोयही नव्हती. ज्याचं लग्न झालं किंवा ज्याला नोकरी लागली, तो मांडी घालून जेवायला बसायचा. ज्याचं दोन्हीतलं काहीच झालं नाही, तो वाढायचा. मिसरूड फुटलं की पोराच्या हातात पहिल्यांदा मिठाचं ताट यायचं, मग पाण्याचा जग, मग पुऱ्यांची टोपली. हात तयार झाला, पळता पळता कमरेतून वाकता यायला लागलं, की वरणाची बादली मिळायची. त्याच्यापुढं बढती नव्हती. कुणाचं लग्न ठरलं की बाकीचे वाढपी बोंबलायचे, "सुटली बे, ह्याची बादली सुटली!" आणि त्याच्या पाठीत बुक्के घालायचे. माझ्या मागून मिठाला लागलेली पोरं अशी एकेक करून सुटली आणि माझ्याच समोर पत्रावळीवर येऊन बसली. "गुरुजी, बादली जरा खालून ढवळून आणा, वरचं पाणीच वाढायलेत," असं ती मला म्हणायची. मी ढवळून आणायचो.

गुरुजी म्हणायचं कारण मी डी.एड. झालेलो होतो. त्या काळात आमच्या पाटोद्याच्या बाजूला ज्याच्याकडं विकण्यासारखं एखादं जनावर होतं त्यानं ते विकून पोराला डी.एड.ला घातलं होतं. आमची बैलजोडी त्यात गेली. मी पास होऊन बाहेर आलो आणि भरती निघेनाशी झाली. मग एका संस्थेच्या शाळेवर फुकट शिकवत राहिलो. अनुदान आलं की पगार सुरू होईल, असं संस्थेचा अध्यक्ष दर पंधरा ऑगस्टला खांद्यावर हात ठेवून सांगायचा. अनुदान आलं, आणि हजेरीपटावर माझ्या जागी त्याच्या मेव्हण्याचं पोरगं निघालं. मी भांडलो नाही असं लोक म्हणतात. भांडलो होतो. शिपायानं मला फाटकाबाहेर नेऊन सोडलं, आणि ज्या पोरांना मी बाराखडी शिकवली ती खिडकीच्या गजाला धरून बघत होती. त्यानंतर गावात 'गुरुजी' या शब्दाला जी चव आली ती शेवटपर्यंत गेली नाही.

दादा म्हणजे माझे वडील, माय आणि धाकटा भाऊ अंकुश दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशेब. बाईमाणूस नसलेला गडी म्हणजे अर्धा कोयता. अंकुश अर्धा होता. एक वर्ष मीही गेलतो. उसाच्या वाळल्या पाचटानं हात सोलले ते मी सोसलं, पण मोळी खांद्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पाय लटपटायचे. मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला, "ह्याला कावून आणलंय? ह्याच्यापरीस बाईचं लेकरू बरं." पुढच्या वर्षीपासून मला गावातच ठेवलं. सहा महिने मी, दोन शेळ्या, आणि अर्ध्या गावाच्या दारांना लागलेली कुलपं. म्हातारी माणसं आणि मी एवढेच मागं राहायचो. म्हाताऱ्यांना निदान पगार मिळत नाही म्हणून कुणी बोलत नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला सगळे परत आले की घराला आवाज यायचा. माय पहाटे भाकरी थापायची, ती थापथाप झोपेत ऐकू आली की मला अजूनही बरं वाटतं, तेव्हाही वाटायचं, पण क्षणभरच. कारण भाकरीबरोबर दिवस सुरू व्हायचा. तव्यावरची पहिली भाकरी दादाची, दुसरी अंकुशची, तिला तेल आणि ठेचा. माझी भाकरी केव्हा यायची याला नेम नव्हता. चहा दोन प्रकारचा व्हायचा. दुधाचा उसाच्या फडावरून आलेल्यांना, कोरा मला आणि मायला. माय आपला कोरा चहा माझ्याकडं बघत प्यायची, जणू तिच्या चहातलं दूधही मीच प्यायलो होतो. दादा तर माझ्याशी सरळ बोलतच नव्हते. मी समोर बसलेला असताना ते मायला विचारायचे, "जेवायचं का म्हणावं त्याला. का पोट भरलं पेपर वाचून?" पाव्हण्यांसमोर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "खायाला काळ आन् भुईला भार." पाव्हणे हसायचे. मी उठून शेळ्यांना पाणी दाखवायला जायचो. शेळ्यांनी त्या वर्षांत जितकं पाणी पिलं तितकं पाटोद्याच्या टँकरनंसुद्धा आणलं नसेल.

आता पाटोद्यात माझं फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. पोरं येतात, बी.एड. झालेली, पोलीस भरतीत छाती कमी पडलेली. घरच्यांनी बोलून बोलून त्यांचा चेहरा कसा होतो ते मला लांबूनच ओळखू येतं. त्यांना मी कधीच "काय करतोस सध्या?" असं विचारत नाही. हा प्रश्न माणसाला विचारायचाच नसतो, तो मारायचा असतो.

मी घरी बसून होतो तेव्हाच्या एका उन्हाळ्यात फडावरून आल्या आल्या दादांनी पोत्यावर बसून जाहीर केलं की अंकुशचं जमलं. मुलगी घाटनांदूरकडची. तिचा बाप लिंबाजी. फडावर दोघांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, शेजारी-शेजारी होत्या, सहा महिने एका चुलीचा धूर दोघांनी खाल्ला होता. सोयरीक तिथंच ठरली. ना त्यांनी आमचं घर बघितलं होतं, ना आम्ही त्यांचं. फडावर जमलेली लग्नं अशीच होतात. माणूस काम कसा करतो ते दिसतं, घरात काय झाकलंय ते दिसत नाही. मुलीचं नाव उषा. अंकुश लाजून दाराच्या चौकटीला नखं लावत होता. मला खरंच आनंद झाला. मी उठून त्याच्या पाठीत बुक्की घातली आणि म्हणालो, "सुटली बे तुझी बादली!"

कुणीच हसलं नाही. दादा मायकडं बघून म्हणाले, "त्याला सांग सगळं."

मायनं सांगितलं. फडावर लिंबाजीमामांनी विचारलं होतं, थोरला काय करतो. धाकट्याचं आधी करता, थोरल्यात काही खोट हाय का. दादा सांगून बसले होते की थोरला पुण्याला कंपनीत हाय, कायम हाय, साहेबाचीच पोरगी सांगून आलीया म्हणून थांबलोय. एवढ्यावर भागलं असतं. पण लिंबाजीमामा तेवढ्यासाठीच तयार झाले होते. घरात एक पगार येतो म्हटल्यावर माझ्या पोरीला कोयता धरावा लागणार न्हाई, असं म्हणून त्यांनी सुपारी फोडली होती.

"आन् धरावा लागणार न्हाई का?" मी विचारलं.

दादा त्या वर्षी पहिल्यांदाच माझ्याकडं बघून बोलले. "मग लग्न कशाला करायलोत, गुरुजी? तिनं काय पाटावर बसून पाढे म्हणायचे? ती आली म्हंजे अंकुशचा आख्खा कोयता हुतो. घरात दोन कोयते. तुझ्या डी.एड.नं अर्धा तरी केला का?"

लग्न आमच्या दारात करायचं होतं, कारण लिंबाजीची परिस्थिती नव्हती. प्रश्न होता माझा. दादांचं म्हणणं, याला दोन दिवस चौसाळ्याला मावशीकडं धाडून द्यावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हणालो, सख्ख्या भावाच्या लग्नात मी अक्षता टाकायला नसेन तर पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही. दादा म्हणाले, लई उपकार हुतील. तेव्हा तोड मायनं काढली, आणि अगदी मायेनं काढली. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या त्याला. त्यांनी कुटं बघितलाय याला? तसाबी हा वाढीतच असतो. वाढप्याच्या तोंडाकडं कोण बघतंय? तेवढंच लेकराला भावाचं लगीन बघाया भेटंल."

मला ती तोड पटली, हे आज लिहितानाही अंगावर येतं. मी मुकाट्यानं हो म्हणालो. माणूस किती दिवस बिनकामाचा राहिला म्हणजे अशा गोष्टीला हो म्हणतो, याचं काही माप असेल तर मी ते भरलं होतं.

लग्नाच्या दिवशी मला सगळ्यात जास्त कशानं मारलं असेल तर गावानं. मला वाटलं होतं, एवढं मोठं गाव, कुणी तरी चुकेल. कुणी सवयीनं म्हणेल, "अरे रामकिसन, तुझी माय बोलावतीया." एखादी म्हातारी तरी म्हणेल, थोरला राहिला की हो. दादांनी घरोघर जाऊन सांगितलं होतं, आणि ज्या गावाचं मारुतीच्या देवळाच्या रंगावरून एकमत झालं नव्हतं, ते गाव त्या दिवशी एका दिलाचं झालं. "गुरुजी, पुरी!" "गुरुजी, इकडं भात न्हाई!" नावानं कुणी हाक मारली नाही. नाना म्हणून आमच्या भावकीतले एक होते, पंगतीत लिंबाजीमामांच्या शेजारी बसलेले. माझ्याकडं बोट करून मामांना म्हणाले, "ह्यो आमच्या गावचा लई जुना वाढपी. लग्नबिग्न न्हाई, पण हात चांगला हाय." मामांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि द्रोण पुढं केला. तांबूस डोळ्यांचा, वाळलेला, चांगला माणूस होता. म्हणाले, "दमानं वाढा, गुरुजी. हात पोळंल." त्या दिवशी माझी विचारपूस करणारा तो एकटा.

अक्षता पडल्या तेव्हा मी चुलाण्याजवळ होतो. मंगलाष्टका कर्ण्यावरून ऐकू येत होत्या. 'सावधान' झालं तशी मुठीतले तांदूळ मी तिथूनच मांडवाच्या दिशेनं टाकले, ते आचाऱ्याच्या वांग्याच्या भाजीत पडले आणि आचारी माझ्या आईवरून बोलला. शिवी ऐकून माय लांबून माझ्याकडं बघत राहिली. आली नाही.

दुसरी पंगत उठत होती. मी भरलेली बादली घेऊन निघालो होतो आणि लिंबाजीमामा दादांना मोठ्यानं म्हणताना ऐकले, "पाव्हणं, सगळं झ्याक झालं. एकच ऱ्हायलं. पुण्याच्या पाव्हण्यांला फोन लावा की. सुट्टी न्हाई भेटली, ठीक हाय, पर थोरल्या भायाच्या पाया पडल्याबिगर पोरगी घरात कशी शिरंल?"

नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडं भाया म्हणतात. दादा म्हणाले, कंपनीत फोन घेऊ देत नाहीत. मामा म्हणाले, आज रविवार हाय. चार लोक गोळा झाले. दादांनी फोन काढला, उलटासुलटा केला, आणि दुसरं काहीच न सुचून लावला. माझ्या शर्टाच्या खिशात घंटी वाजली. दोघांच्या मधे एक पंगत होती फक्त. नानांनी उडी मारावी तशी माझ्या हातातली बादली हिसकावली आणि ओरडले, "गुरुजी, पाणी संपलं, टँकरकडं पळा!" बाकीच्यांनीही एकदम पाणी, पाणी असा गिल्ला केला. एवढं शहाणं गाव मी पुन्हा बघितलं नाही.

टँकर मांडवाच्या मागं उभा होता. मी त्याच्या चाकाआड चिखलात उकिडवा बसलो आणि फोन घेतला. चाकाच्या फटीतून मला मामांचा नवा फेटा दिसत होता, दादांच्या फोनवरचा त्यांचा हात दिसत होता. दादा शेजारी उभे राहून टँकरकडं बघत होते. मामांचा आवाज मला दोन्ही कानांनी येत होता.

"रामराम, पाव्हणं! लिंबाजी बोलतोय. लई गलका येतोय, तिकडं बी लगीन हाय का काय?"

"हाय. खोलीच्या शेजारी कार्यालय हाय," मी म्हणालो.

"बरं बरं. जेवलाव का?"

त्या दिवशी मला हे कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "जेवलो."

मग ते जरा बाजूला सरकले आणि आवाज खाली केला. "एक इचारतो, राग नका मानू. माझी ही पोरगी फडातच जल्मली. हिच्या आईनं हिला पाचटावर टाकून दुपारनंतर कोयता धरलाय. मी ठरवलतं, हिला ते न्हाई करू द्याचं. तुमच्या पगाराकडं बघून दिलीया हितं. तुमच्या वडलांनी शबूद दिलाय, पर तुमी शिकलेलं मानूस, तुमच्या तोंडून ऐकू द्या एकदा. न्हाई ना धरावा लागणार?"

फटीतून दादा सरळ माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. हात जोडल्यासारखे पोटाशी धरून उभे होते, आणि त्या माणसाला मी तसं कधी बघितलं नव्हतं. मी खरं बोललो असतो तर मांडवातून वऱ्हाड उठलं असतं, अंकुश तसाच राहिला असता, आणि पोरगी हळदीच्या अंगानं माघारी गेली असती. लोक आता मला म्हणतात, खरं बोलायचं होतंस. त्यांना मी सांगतो, आधी चिखलात बसून बघा.

"काळजी करू नका, मामा," मी म्हणालो. माझ्या आयुष्यात माझ्या शब्दाला कुणी इतकी किंमत दिली नव्हती. मामांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि फोन पोरीकडं दिला.

उषानं फोन कानाला लावायच्या आधी डोक्यावरचा पदर ओढून पार कपाळाच्या खाली आणला. भायापुढं सुनेनं तोंड दाखवायचं नसतं. बायका हसल्या, "आगं, फोनला कसला पदर!" पण तिनं तो काढला नाही. वाकून जमिनीला हात लावला आणि म्हणाली, "पाया पडते, भाया."

"बास, बास," मी म्हणालो, "सुखानं ऱ्हा." आणि फोन बंद केला. उठताना टँकरची तोटी डोक्याला लागली. तिथं पडलेला पाण्याचा जग भरून घेतला आणि पुन्हा पंगतीत गेलो.

शेवटची पंगत वाढप्यांची. तिलाही एक रीत आहे: दिवसभर ज्यांनी वाढलं त्यांना नवरा-नवरीनं आपल्या हातानं वाढायचं. गावातल्या प्रत्येक जोडप्यानं मला असं वाढलेलं आहे. त्या दिवशी मी चुलाण्यामागं खरवड खात बसणार होतो, तसं ठरलंच होतं, पण लिंबाजीमामाच हाताला धरून घेऊन आले. "गुरुजी, सगळ्यांत जास्ती तुमी राबलाव. माझ्या लेकीच्या हातचं खाल्ल्याबिगर कुटं चालला?" आणि मला पंगतीच्या पहिल्या पानावर बसवलं. दादा पान खाण्याचं निमित्त करून मांडवाबाहेर गेले.

अंकुश वरणाची बादली घेऊन आला. त्याचा हात वाढायला कधी तयार झाला नव्हता, तो सहा महिने बाहेर असायचा. त्यानं माझ्याकडं न बघता भातावर वरण ओतलं, ते पत्रावळीबाहेर गेलं, माझ्या मांडीवर सांडलं. "घ्या," एवढंच म्हणाला, आणि पुढं सरकला. लहानपणी त्याला मीच भरवलेलं होतं, माय फडात असताना. त्याच्या मागून उषा बुंदीचं ताट घेऊन आली. मायनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता, नव्या सुनेला वाट दाखवतात तसा. उषानं मूठभर बुंदी घातली, दुसरी भरायला लागली, तसा मी सवयीनं पत्रावळीवर हात आडवा धरला.

"बास, बास," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं, मग पुढं गेलेल्या अंकुशकडं, मग पुन्हा माझ्याकडं. आम्हा दोघांचं नाक एक आहे, दादांचं. ती बघत होती तेवढ्यात मला दिसलं की तिला आवाज कळला, आणि आवाजामागचं सगळंच कळलं. कुठं पुणं नाही, कुठं कंपनी नाही, आणि दिवाळीनंतर काय आहे तेही. मामा तीन पानं सोडून कुणाशी तरी हसत बोलत होते. तिनं नुसती हाक मारली असती तरी झालं असतं. तिनं मुठीतली बुंदी ताटात परत सोडली, मोकळ्या झालेल्या हातानं डोक्यावरचा पदर धरला आणि कपाळाच्या खाली ओढला.

मायला वाटलं, पोरगी नवखी आहे, चुकली. तिच्या कानाशी लागून, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली, "आगं, ह्याच्याम्होरं पदर कशाला घेतीस? वाढपी हाय त्यो."

उषानं पदर मागं घेतला नाही. पुढच्या पानाकडं गेली. मी बुंदी खाल्ली, वरण-भात खाल्ला, सांडलेलाही निपटून खाल्ला. शेवटच्या पंगतीत पानात काही टाकायचं नसतं.

माय आता माझ्याजवळच असते, तिला दिसत नाही, ऐकू कमी येतं. परवा तिला विचारलं, ते वाक्य आठवतं का. म्हणाली, "आसं कसं म्हणीन मी, तू माझा थोरला." तिला खरंच आठवत नाही. मी माफ केलं का, असं कुणी विचारलं तर सांगेन, नाही केलं. तिला भाकरी चुरून देतो, दुधात.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि पहाटे ऊसतोडीची गाडी दाराशी आली. दादा रात्रीपासून घसा खाकरत होते, सुनेला कसं सांगावं म्हणून. सांगायची वेळ आलीच नाही. उषानं भांड्यांचं गाठोडं गाडीत चढवलं, चूल विझवली, शेळ्यांची दावी माझ्यासमोर ओट्यावर ठेवली आणि पदर ओढून घेतला. मग दादांच्या हातात नवा आणलेला जो कोयता होता, तो तिनं आपणहून मागून घेतला.